ऊसतोडीचे कोयते निघायला आलेत, पोरं गावातच ठेवायची आहेत

गावातली आणि पुण्या-मुंबईला, चाकण-भोसरीला पोटासाठी गेलेली आपल्या गावची सर्व मंडळी,

सप्रेम नमस्कार.

2021 चा दसरा झाला. ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या उचली, म्हणजे आगाऊ पैसे, बहुतेक घरांत पोचल्या आहेत. दिवाळीच्या सुमाराला ट्रक लागतील आणि बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या इतर गावांसारखंच आपलंही गाव निम्मं रिकामं होईल. यंदा त्या ट्रकमध्ये शाळेतली पोरं चढू नयेत, एवढ्यासाठी हे आवाहन आहे.

मार्च 2020 मध्ये काय झालं ते आठवा. शाळा बंद झाल्या आणि शाळेबरोबर, आईबाप तोडीला गेल्यावर पोरांना गावातच जेवू घालणाऱ्या हंगामी वसतिगृहाची चूलही विझली. 24 मार्चच्या रात्री टाळेबंदी लागली तेव्हा आईबाप साखर कारखान्यावर, पोरं इथं आजीजवळ. तिकडं उसाच्या फडावर बाजार बंद, पीठ संपलेलं, आणि रेशनकार्ड गावातल्या पेटीत. 17 एप्रिलला सरकारनं तपासणी करून परत पाठवायला परवानगी दिली. माणसं आली ती गावाबाहेर शेतात राहिली. आई बांधाच्या पलीकडं आणि पोरगी अलीकडं, असे दिवस आपण काढले.

खरं नुकसान मात्र त्यानंतर झालं. त्या वर्षी हंगाम सुरू झाला तरी शाळा उघडली नव्हती. शाळा नाही म्हणून वसतिगृह नाही. वसतिगृह नाही म्हणून आजीच्या एकटीच्या जिवावर तीन-चार पोरं सोडायची कशी? पोरं फडावर गेली. अभ्यास मोबाइलवर येत होता म्हणतात, पण फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वीज नाही, आणि घरातला एकमेव फोन बापाच्या खिशात. थोरलीनं धाकट्याला सांभाळलं, पाणी भरलं, भाकरी थापल्या. हात मोकळा झाला की वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा केलं.

परत आल्यावर सगळी पोरं शाळेत आली नाहीत. काही पोरींची लग्नं लागली. नावं लिहीत नाही, गावाला माहीत आहेत. तरणी पोर कोपीत ठेवायची भीती आणि नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, तो झाला की मिळणारी उचल, या दोन्ही गोष्टी आईबापांनी आमच्या बैठकीत रडत सांगितल्या. त्यांना दोष द्यायला आमची जीभ रेटत नाही. गावानं पोरांच्या जेवणाची सोय केली असती तर त्या पोरी आज वर्गात असत्या, असं आम्हाला मनापासून वाटतं.

4 ऑक्टोबर 2021 पासून ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग सुरू झाले आहेत. धाकट्यांचे अजून नाहीत, आणि आईच्या पदराला धरून जाणारी तीच आहेत. वसतिगृहाचा प्रस्ताव आम्ही पाठवला आहे. पण मुकादमाचा ट्रक मंजुरीसाठी थांबत नाही. म्हणून समितीनं ठरवलं आहे की दिवाळीपासूनच चूल पेटवायची, पहिलीच्या पोरांसकट. दोन वेळा जेवण शाळेच्या ओट्यावर, संध्याकाळी दोन तास अभ्यास, झोपायला आजीकडं. ज्यांना घरी कोणीच नाही अशा पोरींसाठी गावातल्या एका ताईंनी आपल्या दोन खोल्या दिल्या आहेत.

आजवर 34 मुलांची नावं आली आहेत. त्यांना दिवसाला साधारण 10 किलो ज्वारी-गहू-तांदूळ लागेल, म्हणजे महिन्याला 3 क्विंटल. डाळ महिन्याला 50 किलो. तेल, मीठ-मिरची, सरपण वेगळं. स्वयंपाकाला दोन बायका लागतील. त्या गावातल्याच, हात अधू झाल्यामुळं फडावर जाऊ न शकणाऱ्या. त्यांना मानधन रोख द्यायचं आहे. डोंगरातली थंडी तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून 34 रग किंवा जाड गोधड्याही हव्यात.

ज्यांच्या शेतात पिकलं आहे त्यांनी पायली-दोन पायली का होईना, धान्य द्यावं. नोकरीवाल्यांनी एका मुलाचं सहा महिन्यांचं जेवण उचलावं; जमत नसेल तर एका महिन्याचं. रोख रक्कम समितीच्या बँक खात्यातच भरावी, पावती मुख्याध्यापकांकडून घ्यावी. दर महिन्याचा जमाखर्च शाळेच्या फळ्यावर लागेल. जुने मोबाइल देऊ नयेत, यंदा त्यांची गरज नाही. अभ्यास घ्यायला कॉलेजातली दोन पोरं-पोरी मिळाली तर फार बरं होईल.

हे सगळं धनत्रयोदशीच्या आत हवं. नाव नोंदवायला येणारे आईबाप एकच गोष्ट विचारतात, "जेवण किती दिवस मिळंल?" अजून आम्ही दोन महिने म्हणून सांगतो. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, असं सांगता आलं पाहिजे.

आपले,
शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामस्थ