मालवणात आम्हाला जेवू घालणाऱ्यांचे मनापासून आभार

कुडाळ-मालवण एसटीतले कंडक्टर काका, सगळ्यात आधी तुमचे आभार, कारण मोठ्या बोर्डाची हॉटेलं सोडा आणि बाजारामागच्या गल्लीतल्या खानावळीत जा असं तुम्ही सांगितलंत म्हणून बांगड्याचं तिखलं, म्हणजे तिखट दाट कालवण, आमच्या ताटात आलं, काय चव होती!

मासळी बाजारातल्या ताई, तुम्ही कल्ले उघडून दाखवलेत, लालभडक असले तरच मासा ताजा, आणि स्वतःच्याच टोपलीतली सुरमई घेऊ नका म्हणालात, कालची आहे. असं कोण सांगतं हो गिऱ्हाईकाला?

आणि खानावळीतल्या काकी, तुम्ही तर थेट स्वयंपाकघरातच बोलावलंत. माशांच्या कालवणात घालतात त्या तिरफळाचं (मसाल्याचं छोटं फळ) काळं बी काढून टाकायचं, नुसती सालं जराशी ठेचून घालायची, आंबटपणाला कोकमाची सोलं, सोलकढी मात्र उकळायची नाही, सगळं हातचं न राखता सांगितलंत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा या, सुक्या बांगड्याची किसमूर, म्हणजे ओलं खोबरं घातलेली कोरडी कोशिंबीर, खायला घालते म्हणालात. नक्की येणार!

लेकीला तिखट झेपेना म्हणून वेगळा वरणभात केलात, त्याचे पैसेही घेतले नाहीत. खूप खूप आभार काकी.