थेंबांचं गणित

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद. फोनवर तू म्हणालास, सूत्र पाठ आहे तरी नर्सिंगच्या पेपरात सलाईनची गणितं चुकली. मला वाटतं, ती सूत्र पाठ असल्यामुळेच चुकली. तुझी उत्तरपत्रिका पाहिली त्यात लिटरभर सलाईन आठ तासांत, मिलीला २० थेंबांच्या सेटनं द्यायच्या गणिताला मिनिटाला २५०० थेंब असं उत्तर आहे, आणि तू त्याखाली दोन रेघा मारून पुढच्या प्रश्नाकडे गेला आहेस. आठ तासांचे ४८० मिनिटं करायचे राहिले, इतकंच झालं. गडबडीत कुणाचंही होतं ते. पण २५०० हा आकडा बघून तुला खटकलं नाही, याची मला काळजी वाटली. त्या वेगानं लिटरची अख्खी बाटली आठ मिनिटांत संपेल रे!

म्हणून सूत्र जरा बाजूला ठेव. आधी तासाला किती मिली जायचं आहे ते काढ. १००० मिली आठ तासांत, म्हणजे तासाला १२५. आता सेटचं, म्हणजे बाटलीला जोडायच्या नळीचं, पाकीट हातात घे. एका मिलीला किती थेंब ते त्यावर छापलेलं असतं. मोठ्या थेंबाच्या सेटला १०, १५ किंवा २०, बारीक थेंबाच्या मायक्रो सेटला ६०. हे गृहीत धरायचं नाही, दर वेळी वाचायचं. कालपर्यंत वॉर्डात २० चे सेट होते म्हणून आजही तेच आलेत असं नसतं. सेट २० चा असेल तर १२५ ला ३ ने भाग: ४१.६७, म्हणजे ४२ थेंब. १५ चा असेल तर ४ ने, १० चा असेल तर ६ ने. मायक्रोला भागायचंच नाही, तासाचे जितके मिली तितकेच मिनिटाचे थेंब. हे ३, ४, ६ कुठून आले ते तूच शोध. ६० ला सेटच्या आकड्यानं भागलंस की सापडेल, आणि एकदा स्वतः शोधलंस की विसरणार नाहीस.

उत्तर आलं की लगेच लिहू नकोस, उलटं फिरव. ४२ थेंब म्हणजे मिनिटाला साधारण दोन मिली, तासाला सव्वाशेच्या आसपास, आठ तासांत हजार. जुळलं. तेच ४२० आले असते तर बाटली पाऊण तासात रिकामी, ४.२ आले असते तर तीन दिवस उलटून गेले तरी संपली नसती. दशांश चिन्ह एक घर सरकलं की एवढा फरक पडतो. हृदय किंवा किडनी अधू असलेल्या माणसाला पाऊण तासात लिटरभर पाणी गेलं तर ते फुप्फुसात साठतं, दम लागतो, झोपलेला माणूस उठून बसतो. लहान मुलांना तर त्याहून कमी पुरतं. म्हणूनच त्यांना मायक्रो किंवा ब्युरेट सेट लावतात. ब्युरेटच्या मधल्या नळकांड्यात जेवढं भरलं तेवढंच जाऊ शकतं.

मायक्रोग्रॅमची गणितं तुला सगळ्यात अवघड वाटतात म्हणालास. ती अवघड नाहीत, लांब आहेत. घाई न करता एकेक पायरी उतर. डोपामिन हे रक्तदाब वाढवायचं औषध, ६० किलोचा रुग्ण, किलोला मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम. मिनिटाला ३००. तासाला १८,०००. हजारानं भागलं की १८ मिलिग्रॅम. सिरिंजमध्ये ५० मिलीत २०० मिलिग्रॅम औषध आहे, म्हणजे मिलीला ४. अठराला चारानं भाग: तासाला ४.५ मिली. प्रत्येक ओळीत आकड्यापुढे एकक लिही. तू एककं गाळतोस, सगळा घोळ तिथेच होतो. आणि 'हल्ली पंप असतो' हे मला सांगू नकोस. पंप म्हणजे ठरवलेल्या वेगानं औषध सोडणारं यंत्र, त्यात आकडा आपणच भरतो. ४.५ च्या जागी ४५ दाबलं तर पंप इमानदारीनं ४५ देतो. अशी औषधं दुसऱ्या सिस्टरकडून स्वतंत्र गणित करून घेतल्याशिवाय सुरू करायची नाहीत. तुझं गणित तिला दाखवून 'बरोबर आहे ना?' विचारणं म्हणजे स्वतंत्र नव्हे. तिनं कोऱ्या कागदावर करायचं.

आता पेपरात न येणारी गोष्ट. घड्याळ ड्रिप चेंबरच्या, म्हणजे थेंब पडतात त्या पारदर्शक नळकांड्याच्या, शेजारी, डोळ्यांच्या रेषेत धर, म्हणजे मान न हलवता काटा आणि थेंब दोन्ही दिसतात. चेंबर काठोकाठ भरलेला असेल तर थेंब दिसतच नाही, अर्धा रिकामा ठेव. सुरुवातीला पूर्ण मिनिट मोज. पंधरा सेकंदांत मोजून चारानं गुणायची सवय बऱ्याच जणांना असते. तिथे एक थेंब चुकला तर चार चुकतात. नळीवरचा वेग कमीजास्त करायचा क्लॅम्प लावून ४२ जुळले की निघून जाऊ नकोस. रुग्णाला हात हलवू दे. कॅन्युला, म्हणजे शिरेत घातलेली बारीक नळी, कोपराजवळ असेल तर कोपर वाकवला की थेंब थांबतील, सरळ केला की पुन्हा पडायला लागतील. पलंग वर केला, बाटली निम्मी झाली, तो बाथरूमला जाऊन आला, की वेग बदलतो. म्हणून बाटलीवर पट्टी चिकटवून तासातासाच्या खुणा कर. लांबूनही कळतं, मागे पडलंय की पुढे धावलंय.

नातेवाईक क्लॅम्पला हात लावतात तेही लक्षात ठेव. लवकर संपलं तर लवकर घरी जाता येईल, असं त्यांना खरंच वाटतं. रागावू नकोस, समजावून सांग आणि पुन्हा मोज.

एक गणित देते, सोडवून पाठव. ५०० मिली, सहा तास, २० चा सेट, सकाळी दहाला सुरू. दुपारी एकला तू ड्यूटीवर आलास तर बाटलीत ३५० शिल्लक. मूळ वेग किती होता, आणि उरलेलं चारपर्यंत संपवायचं तर किती करावा लागेल, हे दोन्ही आकडे काढ. मग दुसरा वेग स्वतःच्या मनानं लावायचा का, ते लिही. त्याआधी कॅन्युलाची जागा सुजली आहे का, गार लागते का, लाल आहे का, नळी कुठे दुमडली आहे का, आणि डॉक्टरांना काय सांगशील, हेही लिही. नुसते दोन आकडे आले तर परत पाठवीन.

तुझी,
आई