कर्णे वाढवण्याआधी मिक्सरची जोडणी बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या महिला भजनी मंडळात मी पेटी वाजवते आणि सगळ्या माइकांचा आवाज एकत्र करून कमी-जास्त करणारा मिक्सरही मीच सांभाळते. पारायणांचे दिवस आले की आमच्या भागात गावोगाव एकच तक्रार कानावर येते. अभंगाचे शब्द कळत नाहीत, टाळ-पखवाजच तेवढे ऐकू येतात. मग कमिटी वर्गणीतून स्पीकरचे आणखी दोन बॉक्स आणते. शब्द तरीही कळत नाहीत आणि परीक्षेला बसलेल्या पोरांचा त्रास तेवढा वाढतो. दोष बहुतेक वेळा जोडणीत असतो, म्हणून हे पत्र.

बऱ्याच मंडळांनी आता छोटे मिक्सर घेतलेत, हे चांगलेच झाले. पण वायरी जुन्याच राहिल्या. जुन्या ॲम्प्लिफायरला माइकसाठी पी-३८ पिन, म्हणजे जाड गोल दांड्याची पिन, लागायची, म्हणून माइकच्या वायरीच्या टोकाला अजून तीच असते. नव्या मिक्सरच्या ‘लाइन’ सॉकेटात, म्हणजे कीबोर्ड-मोबाइलसारख्यांसाठी असलेल्या भोकात, ती नेमकी बसते, त्यामुळे तिथेच खुपसली जाते. माइकमधून येतात जेमतेम काही मिलिव्होल्ट, तर लाइनच्या सॉकेटाला साधारण एक व्होल्टची अपेक्षा. आवाज बारीक येतो, सगळी बटणे शेवटपर्यंत फिरवली जातात, मग आवाजापेक्षा खरखरच मोठी होते. माइकला दोन्ही टोकांना तीन पिनांची एक्सएलआर वायरच हवी. तिच्यातल्या दोन तारांतून आवाज सुलटा आणि उलटा असा जातो. वाटेत शिरलेली गुणगुण मात्र दोन्ही तारांवर सारखीच बसते आणि मिक्सर ती वजा करून टाकतो. म्हणून ही वायर मंडपाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खुशाल न्यावी. पी-३८ ची साधी वायर पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नये. इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा कीबोर्ड मात्र लाइनमध्येच लावावा, माइकच्या सॉकेटात त्याचा आवाज फाटतो.

मोबाइलवरून भक्तिगीते लावतानाही असाच घोळ होतो. वाद्ये वाजतात, गाणाऱ्याचा आवाज गायब! मोबाइल बिघडला म्हणून दुसरा आणतात, तरी तेच. मोबाइलमधून डावा आणि उजवा असे दोन आवाज येतात. हे दोन्ही आणणारी स्टिरिओ पिन मिक्सरच्या एकाच चॅनेलच्या (बटणांच्या एका रांगेच्या) लाइन सॉकेटात लावली की मिक्सर एकातून दुसरा वजा करतो आणि दोन्हींकडे सारखाच असलेला गायकाचा आवाज पुसला जातो. दोन टोकांची वायर घेऊन डावा-उजवा वेगवेगळ्या चॅनेलवर लावला की काम झाले.

गेनचे, म्हणजे माइकचा आवाज आत किती घ्यायचा ते ठरवणारे, बटण अंदाजाने फिरवू नका. बुवांना अभंगातली सर्वांत चढी ओळ पूर्ण आवाजात म्हणायला सांगा. लाल दिवा लुकलुकेपर्यंत गेन वाढवा, मग जरा मागे घ्या. पुढचे कमी-जास्त खालच्या फेडरवर (सरकत्या बटणावर) करा. गाणाऱ्यांच्या माइकवर लो-कट (खालचे, जाड आवाज कापणारे बटण) दाबला की मंडपातली घुमघुम कमी होते. पखवाजाच्या कणीक लावलेल्या तोंडाशी माइक असेल तर तिथे तो दाबू नये, सगळा भरदार नाद तिथलाच असतो. टाळकऱ्यांना तर वेगळा माइक देऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. टाळ आपसूकच सगळ्या माइकांत शिरतो. आणि शिट्टी वाजू लागली की काही बुवा माइकची जाळी मुठीत धरतात, त्याने ती आणखी वाढते. कर्णे माइकांच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवावेत.

यातले काहीच अवघड नाही, फक्त कोणी हाताला धरून दाखवत नाही. पं. रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्यांनी जिथे पेटी शिकवली त्या बेळगावात संगीताच्या वर्गांची कमी नाही. अशा वर्गांनी पारायणांच्या आधी एखादा रविवार गावोगावच्या मंडळांसाठी द्यावा. मिक्सर, दोन माइक, एक पेटी, एक पखवाज समोर ठेवून प्रत्येकाकडून जोडणी करून घ्यावी. बायकांच्या मंडळांनाही आठवणीने बोलवावे. मिक्सरला बाईने हात लावला की आजही पाठीमागून कोणीतरी येऊन बटणे फिरवतो. कमिट्यांनी पुढच्या वर्गणीतून नव्या बॉक्सआधी चांगल्या वायरी घ्याव्यात, एवढीच विनंती.

— एक भजनी, ता. खानापूर, जि. बेळगाव