बांगडीवरचं 916

इंदूर, रविवार सकाळ

प्रिय बंड्या,

परवा तुझा फोन दोनदा कापला म्हणून चिडू नकोस यार, ट्यूशन चालू होती आणि समोर सातवीची नऊ पोरं एका सुरात सांगत होती की तीन टक्के म्हणजे पॉइंट तीन.

चूक माझीच. गेल्या महिन्यात मीच शॉर्टकट दिला होता, टक्क्याचं दशांश करायचं तर टिंब दोन घरं डावीकडे, उलटं असेल तर उजवीकडे. 45 टक्के, 72 टक्के, सगळं पटापट. मग 3 आले, एकच अंक, म्हणून टिंब पण एकच घर सरकलं, रिकाम्या घरात शून्य बसवायचं कुणाला सुचलंच नाही. 0.5 टक्के दिले तर म्हणे सर हे तर आधीच दशांशात आहे! एकीने 0.25 हा 0.4 पेक्षा मोठा केला, कारण 25 मोठे. मी घरी येऊन बायकोवर उगाच खेकसलो.

सुटका झाली ती सराफ्यामुळे, म्हणजे इथल्या सोन्याच्या बाजारामुळे. त्याच पोरीच्या घरी बांगड्या घेतलेल्या, तिने फोनमध्ये फोटो दाखवला, हॉलमार्कपाशी 22K916 लिहिलेलं. सर हे 916 काय आहे? म्हटलं 24 कॅरेट म्हणजे शुद्ध, तर 22 कॅरेट म्हणजे 24 भागांतले 22, वर-खाली दोनने भागा, 11/12, आता करा भागाकार. फळ्यावर 0.91666 आलं आणि सहा काही संपेनात. हजारात 916 आणि वर थोडं, तेच शिक्क्यावर, शंभरात साधारण 91.67. मग 18 कॅरेट त्यांनी स्वतःच केलं, पाऊण, 0.75, 75 टक्के, शिक्का 750.

मग एकाने 14 कॅरेट काढलं आणि मी अडकलो. 14/24 म्हणजे 7/12, हजारात 583, आणि शिक्का असतो 585 चा. मी गप्प. पण पोरांनी उलटं केलं रे, 0.585 ला 24 ने गुणलं, 14.04 आलं, म्हणजे शिक्का किंचित जास्तच शुद्ध सांगतो. टिंब सरकवायचा मंत्र कुणी म्हटला नाही, प्रत्येक जण 'कितीतले किती' एवढंच विचारत होता.

लगेच जीएसटी घेतला, दागिन्यावर 3 टक्के. म्हटलं समजा 40 हजारांचा माल, तुमच्या पॉइंट तीनने टॅक्स किती? बारा हजार. बांगडीवाली ओरडलीच, सर, मम्मी दुकानातच भांडली असती! स्वतःच खोडून 0.03 केलं, बाराशे. एवढ्या वर्षांत माझ्या लाल पेनाने जे झालं नाही ते तिच्या मम्मीच्या भांडणाने झालं.

मला वाटतं घोळ शब्दातच आहे. ही पोरं परसेंट म्हणतात, त्यात शंभर कुठे ऐकू येतो? आपले आजोबा शेकडा म्हणायचे, शंभर तोंडातच. आता मी प्रत्येक आकड्याला एकच विचारतो, शंभरात किती, आणि अर्ध्यापेक्षा कमी की जास्त ते आधी सांग, मग पेन उचल.

चवन्नीचं पण सांगून पाहिलं. पाव रुपया, 0.25, 25 टक्के, तिन्ही एकाच नाण्यात. पण 2011 मध्ये ती बंद झाली तेव्हा ही पोरं जन्मली पण नव्हती, नुसती बघत राहिली. आण्याची भानगड त्यांना जास्त आवडली, सोळा आण्यांचा रुपया 1957 मध्ये शंभर नव्या पैशांचा झाला आणि एक आणा बसला सव्वासहा पैशांवर. एक जण म्हणाला मग ते पाव पैसे कोण खायचं? दुकानदार, अजून कोण!

आता तू सांग, तू पण तिथे पुण्यात हेच शिकवतोस. 1/3 ला कुणी 33 टक्के लिहिलं तर पूर्ण मार्क देतोस का? मी अर्धा कापला, म्हटलं 33 त्रिक 99, उरलेला एक कुणाचा? संध्याकाळी त्या अर्ध्या मार्कासाठी त्याच्या पप्पांचा फोन. लवकर कळव, बुधवारी ते भेटायला येणार आहेत. आणि डिसेंबरात येतोयस ना? रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू खाऊ, तो तळलेला कंद.

तुझा,
बाळ्या