‘बटन कोण दाबणार?’ असं विचारणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

समोर येऊन आभार मानावेत तर तुम्ही हातातलं सोल्डरिंग खाली ठेवत नाही. ‘बरं बरं, चहा घ्या’ म्हणता, की विषय संपला. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे. नाव-पत्ता टाकत नाही, कारण तुम्हीच बजावलंय, “नाव नका लिवू, गर्दी झाली की काम बिघडतं.” लातूरच्या गंजगोलाई बाजारात ज्यांचं रोजचं येणंजाणं आहे त्यांनी ओळखलंच, तर माझा इलाज नाही.

अण्णा म्हणजे माझ्या पोरीचे आजोबा, जुने शिक्षक. त्यांची नजर काचबिंदूनं गेली. आधी कडेचं दिसेना, मग मधलं. पेपर सुटला, टीव्ही सुटला, राहिलं फक्त गाणं. गाणं घरात भरपूर होतं. ८२ कॅसेटी, पन्नासेक सीडी, १९८६ साली पगारातून हप्त्यानं घेतलेला सोनोडाइन कंपनीचा ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर, आणि दोन लाकडी स्पीकर. पण कॅसेट शोधून लावायला डोळस माणूस लागतो. मी सकाळी आठला आडतीवर, बायको अंगणवाडीत, पोरगी शाळेत. अण्णा दिवसभर त्या ॲम्पशेजारी बसायचे, आणि ॲम्प बंद असायचा.

कुणीतरी म्हणालं, स्ट्रीमर घ्या. छोटा डबा असतो, नेटवरचं किंवा घरच्या डिस्कवरचं गाणं घेतो आणि जुन्या ॲम्पला देतो. ॲम्प तोच, स्पीकर तेच. ऐकायला सोपं वाटलं.

पुण्यातल्या भाच्यानं रात्रीतून स्ट्रीमरांचा तक्ता पाठवला. ब्लूसाउंडचा नोड, केंब्रिज ऑडिओ, वीम, कुठं ३२ बिट, कुठं ३८४ किलोहर्ट्झ. पोरगं हुशार आहे, पण मी तुरीचे भाव लिहिणारा मुनीम, मला त्यातलं काय कळणार? एका मोठ्या शहरातल्या दुकानाला फोन केला. पहिला प्रश्न, “बजेट काय?” दुसरा, “औसा म्हणजे नेमकं कुठं आलं?” तिसरा प्रश्न आलाच नाही, त्यांनी ऑनलाइनची लिंक पाठवून दिली. दुसऱ्या शोरूममधला पोरगा म्हणाला, काका, तो ॲम्प भंगारात द्या, बोललं की गाणारा स्पीकर न्या. अण्णा त्या स्पीकरशी बोलले असते, प्रश्न नव्हता. पण अण्णांच्या कॅसेटीत जे आहे ते त्या स्पीकरनं कुठून आणायचं?

शेवटी २८,००० घालून एक डबा घेतलाच. खोटं कशाला बोलू, आवाज स्वच्छ होता. पण सगळं मोबाइलवरून. अण्णांचं बोट काचेवर नुसतं घसरायचं. काचेला ना कड ना खाच, बोटानं ओळखायचं काय? एकदा चुकून भलतंच दाबलं गेलं आणि भर दुपारी कसलंतरी इंग्रजी ढणढण सुरू झालं. बंद करता येईना. मी घरी पोचलो तेव्हा अण्णा अंगणात जाऊन बसलेले. एक शब्द बोलले नाहीत. कंपनीला कळवलं, तर तक्रारीचा नंबर आला. त्या नंबरचं पुढं काय झालं ते तो नंबरच जाणे.

मग आवाज फाटायला लागला. कंपनीनं पाठवलेला माणूस आला, वायरी काढल्या, घातल्या, आणि जाताना सांगून गेला, “ॲम्प गेलाय. फेकून द्या.” अण्णांच्या समोर म्हणाला. जणू नजरेबरोबर कानही गेलेत.

ॲम्प पोत्यात बांधून मी एसटीनं लातूरला आणला तो तुमच्याकडं. खरं तर भंगारचा भावच विचारायला निघालो होतो. तुम्ही पोतं सोडलं, पाठीमागं नजर टाकली आणि विचारलं, “ही वायर हितं कुणी घातली?”

फोनोच्या भोकात होती. पुढं तुम्ही जे सांगितलं ते मी आता आडतीवर हमालांनाही सांगतो. ते भोक तबकडीच्या सुईसाठी. सुई देते चार-पाच मिलिव्होल्ट, म्हणून ॲम्प ते पन्नास-शंभर पट वाढवतो, वर खर्जही उचलतो. आणि डबा देतो दोन व्होल्ट. “कानात कुजबुजायच्या जागी भोंगा लावलाय बगा,” असं म्हणालात. वायर काढून ऑक्समध्ये, म्हणजे असल्या डब्यांसाठीच्या साध्या भोकात घातली, दोन सेकंद. व्हॉल्यूमची खरखर होती तिथं क्लिनरचा फवारा मारून बटण दहा-बारा वेळा फिरवलं. ‘गेलेला’ ॲम्प गायला लागला. त्याचे पैसे किती विचारलं, तर म्हणालात, “वायर काढायचे कसले पैसे?”

मी स्ट्रीमरची सगळी कहाणी सांगितली. बिट, किलोहर्ट्झ, तक्ता, सगळं. तुम्ही ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “ते ठीक हाय. पण बटन कोण दाबणार?”

काका, सहा महिने मी हिंडलो. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लाज वाटते लिहायला, पण मीही स्वतःला विचारला नव्हता.

पुढचं काम तुम्ही कसं केलंत ते सगळं मला कळलेलं नाही, जेवढं कळलं तेवढं लिहितो. तुम्ही रास्पबेरी पाय घेतला, पत्त्याच्या पानाएवढ्या पट्टीवरचा छोटा कॉम्प्युटर. त्याच्या हेडफोनच्या भोकाचा आवाज पातळ, म्हणून वर डॅकचं, म्हणजे आकड्यांतल्या गाण्याचा आवाज करणारं, वेगळं कार्ड बसवलं. आत मूड ऑडिओ नावाची फुकट मिळणारी प्रणाली. गाणी मागं लावलेल्या डिस्कवर, म्हणजे नेट असो नसो, गाणं थांबत नाही. आमच्याकडं लाइट कशी जाते ते तुम्हाला सांगायला नको. वारंवार अशी झटक्यात गेली की यातलं मेमरी कार्ड खराब होतं, म्हणून त्या कार्डावर काही लिहिलंच जाणार नाही अशी सोय केलीत. भाच्यानं ३८४ किलोहर्ट्झचं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “गुरुजीच्या कॅसेटीला चव्वेचाळीस लई झालं.” १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, सीडीला जेवढं असतं तेवढं. तासाभराची कॅसेट फ्लॅक नावाच्या फाइलीत तीन-साडेतीनशे एमबीत बसते आणि आवाजातलं काही गळत नाही, हे मला तेव्हा समजलं. भाचा गप्प बसला. तो २८ हजारांचा डबा आता त्याच्याकडंच आहे, तिकडं छान चालतो.

आणि मोबाइलच्या जागी यूएसबीचा आकड्यांचा कीपॅड. बँकेतल्या कॅशियरपुढं असतो तसला, जुना, तुमच्याच खोक्यातला. एक दाबलं की अभंग, दोनला नाट्यसंगीत, तीनला सकाळचे राग. अधिक-उण्यानं आवाज कमीजास्त.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते.

तुम्ही औशाला घरी आलात तो रविवार. जोडणी झाली, मी एक दाबलं, अभंग लागला, पोरीनं टाळ्या पिटल्या. दुसरा कुणीही असता तर पैसे मोजून उठला असता. तुम्ही खिशातून चौकड्याचा निळा रुमाल काढला, झटकला, स्वतःच्या डोळ्यांवर करकचून बांधलात आणि अण्णांना म्हणालात, “गुरुजी, जरा उठा, मला तुमच्या खुर्चीत बसू द्या.”

अण्णा उठले. तुम्ही बसलात. हात पुढं करून चाचपत राहिलात. आधी टेबलाची कड, मग ॲम्प, मग पाण्याचा तांब्या, तो पडता पडता राहिला. कीपॅड सापडायला बराच वेळ गेला. मी म्हणालो, “काका, डावीकडं,” तर म्हणालात, “सांगू नका. दुपारी गुरुजीला कोण सांगणार हाय?”

घरात कुणी हाललं नाही. तुम्ही एक शोधायला गेलात आणि बोट कोपऱ्यातल्या एंटरवर पडलं. एंटरला तुम्हीच ‘यंत्र बंद’ लावलेलं. सगळं थंड. परत चालू करायचं तर प्लग काढून घाला. तुम्ही रुमालाखालूनच हसलात, “अस्सं! ह्ये तर रोज झालं असतं.” रुमाल सोडला, पहिल्यांदा एंटरचं ते काम काढून टाकलं. मग बारक्या स्क्रू-ड्रायव्हरनं नको ती बटणं एकेक उचकटून काढली. भागिले गेलं, गुणिले गेलं, टिंब गेलं. कीपॅड बोळक्या म्हाताऱ्यासारखा दिसायला लागला. पुन्हा रुमाल बांधला. पुन्हा चाचपलं. यावेळी कीपॅड खुर्चीच्या हातालाच दोन स्क्रूनं बसवला, म्हणजे शोधायलाच नको. तिसऱ्यांदा बांधला तेव्हा तुम्ही एक ते नऊ सगळं न चुकता लावलंत, आणि मग अण्णांचा हात धरून त्यांना बसवलंत.

अण्णांना हे काही दिसलं नव्हतं. पण त्यांनी विचारलं, “तुम्ही डोळे बांधले होते ना?” आवाजावरून ओळखलं असणार. तुम्ही “हां” एवढंच म्हणालात.

पाच आकड्यावर एक बारीक उंचवटा असतो, बोटाला लागतो. बहुतेक सगळ्या कीपॅडवर असतो, मी आयुष्यभर बघून कधी बघितला नव्हता. तुम्ही अण्णांचं बोट त्यावर ठेवून विचारलंत, “गुरुजी, ह्ये न चुकता सापडणारं बटन. ह्याच्यावर काय लावू?” अण्णांनी जरासुद्धा विचार केला नाही. म्हणाले, “त्र्याण्णवची कॅसेट.”

तुम्हाला माहीत होतं, कारण ती तुम्हीच उतरवली होती. वाचणाऱ्यांसाठी सांगतो. अण्णा तेव्हा किल्लारीकडच्या एका गावात शिक्षक होते. त्या गणेशोत्सवात गावातल्या भजनी मंडळाचं त्यांनी टू-इन-वनवर रेकॉर्डिंग केलं होतं. विसर्जन झालं, माणसं दमून झोपली, आणि ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्या कॅसेटीतले कितीतरी आवाज त्या पहाटे गेले. असलं गाणं कुठल्या ॲपवर मिळणार? महिन्याला कितीही पैसे भरा.

त्या कॅसेटीच्या आतला दाबाचा नमदा गळून पडला होता, फीत हेडला टेकतच नव्हती. तुम्ही दुसऱ्या कॅसेटीतला नमदा काढून लावला. उतरवून झाल्यावर मला फोन केलात, “मधी मधी एक मानूस खोकतोय. मशिनवर साफ करता येतंय. काढू का?” मी म्हणणार होतो काढा. तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, “नगं. गुरुजीला इचारा आधी.” अण्णांना विचारलं, तर ते म्हणाले, “तो पखवाजवाला. त्याला खोकू द्या.” दोन बाजू, दोन फाइली, मधे कुठंही तोडलेलं नाही. अभंग संपून पुढचा सुरू होईतो जी कुजबूज, जो टाळांचा किणकिणाट, तोही तसाच आहे.

तुमचं बिल झालं ९,४००. त्यात तुमच्या मजुरीचे ५०० होते, आणि औशाला यायच्या-जायच्या एसटीचे धरलेलेच नव्हते. मी वाद घातला, तुम्ही हरभऱ्याचा भाव विचारून विषय बदललात.

आडतीवर बसून माणसं बघणं हाच माझा धंदा आहे, काका. वजनात मापात कोण कसा वागतो ते तीस वर्षं बघतो. काटा सगळ्यांसमोर असतो तोवर सगळे सरळ वागतात. कुणी बघत नसताना सरळ वागणारे हाताच्या बोटांवर मोजावेत. आणि जो बघू शकत नाही त्याच्या घरात, त्याच्यासारखं होऊन बघणारा मला तरी आजवर एकच भेटला. अण्णा म्हणतात, आपल्या भागात अशी माणसं पुष्कळ आहेत, ती बोलत नाहीत म्हणून दिसत नाहीत. असतील. अण्णांचा पट माझ्यापेक्षा मोठा आहे, त्यांनी चार पिढ्या शिकवल्या. पण मग सहा महिने त्यातलं एकही माझ्या वाटेला का आलं नाही, हे त्यांना विचारायचं राहिलंय.

एक तक्रारही आहे. प्रत्येक यादीच्या सुरुवातीला आमच्या पोरीच्या आवाजात नाव बोलून घ्यायची कल्पना तुमची. आता अण्णा तीन दाबतात, ती म्हणते, “आजोबा, सकाळचे राग,” आणि रोज अण्णांचं ठरलेलं, “हिला ‘ळ’ येत नाही, ‘सकाल’ म्हणते. पुन्हा बोलून घ्या.” दोनदा घेतलं, तरी ‘सकाल’च. पुढच्या खेपेला तुम्हीच बघा.

खेप करावीच लागेल, कारण तुमचा निळा रुमाल आमच्याकडंच राहिलाय. बायकोनं धुऊन, इस्त्री करून ॲम्पवर ठेवलाय. मी लातूरला येताना आणतो म्हणालो, तर अण्णांनी पाचवरचं बोट न उचलता सांगितलं, “तू नेऊन देऊ नको. त्यांना घ्यायला येऊ दे. हुरड्याच्या दिवसांत या म्हणावं.”

तुमचा,
औशाचा मुनीम