सही खरी कशावरून?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

एखाद्या नामवंत खेळाडूची जर्सी, बॅट किंवा सही केलेला चेंडू लिलावात विक्रमी किमतीला गेल्याची बातमी आता वर्षातून अनेकदा क्रीडापानावर येते. तीत रकमेचा आकडा असतो, खेळाडूचे छायाचित्र असते, आधीचा विक्रम किती रकमेचा होता हेही असते. पण ती वस्तू खरोखरच त्या खेळाडूची आहे हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवले, याबद्दल बहुधा एक ओळही नसते. अशा वस्तूंचा हौशी संग्राहक या नात्याने मला ही उणीव किरकोळ वाटत नाही, कारण या छंदाची प्रतिष्ठा आणि त्यातली फसवणूक ही दोन्ही याच एका प्रश्नाशी बांधलेली आहेत. म्हणून हा पत्रप्रपंच.

खोट्या सह्यांचा धंदा किती पद्धतशीर असू शकतो, हे अमेरिकेत 1990 च्या दशकात उघड झाले. एफबीआयने आधी शिकागोत आणि नंतर सॅन दिएगोत या धंद्याचा माग काढला. सॅन दिएगोच्या तपासाला ‘ऑपरेशन बुलपेन’ असे नाव होते आणि ऑक्टोबर 1999 मध्ये अनेक ठिकाणी एकाच वेळी छापे घालून तो जाहीर झाला. सॅन दिएगोच्या पाद्रेस या बेसबॉल संघाचे खेळाडू टोनी ग्विन यांना तर आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या नावाने खोट्या सह्या केलेल्या वस्तू विक्रीला ठेवलेल्या आढळल्या होत्या. तपास पूर्ण झाला तेव्हा 18 टोळ्या मोडल्या गेल्या होत्या आणि 63 जण दोषी ठरले होते. जप्त केलेल्या मालात हयात खेळाडूंच्या सह्या होत्या, बेब रूथसारख्या कधीच्याच दिवंगत झालेल्या बेसबॉलपटूंच्या होत्या, आणि चक्क मदर तेरेसांची ‘सही’ असलेले बेसबॉलही होते. असाही चेंडू बाजारात खपेल असे ज्यांना वाटले, त्यांचे गिऱ्हाइकांच्या विचारशक्तीविषयी काय मत असेल ते वेगळे सांगायला नको.

या प्रकरणातला खरा धडा मात्र सह्या गिरवणाऱ्यांच्या हस्तकौशल्याचा नाही. त्या मालासोबत छापील, शिक्कामोर्तब केलेली प्रमाणपत्रेही दिली जात होती आणि ती देणारे त्याच कटात सामील होते, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ले होते. आजही नवखा खरेदीदार दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारतो तो ‘सर्टिफिकेट आहे का?’ असा. ज्याला चांगली सही गिरवता येते, त्याला किंवा त्याच्या भागीदाराला एक कागद छापून घेणे मुळीच अवघड नसते. विकणाऱ्यानेच स्वतःच्या मालाला दिलेल्या प्रमाणपत्राचे वजन विकणाऱ्याच्या शब्दाहून तसूभरही अधिक नसते. सोनेरी किनारीमुळे ते वाढत नाही.

तज्ज्ञाने सही तपासून दिलेला अभिप्राय ही त्याहून बरी गोष्ट आहे, पण तोही शेवटी अभिप्रायच. प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष ही त्याहून अगदी निराळी आणि वरच्या पायरीची. ‘बुलपेन’नंतर मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल संघटनेने 2001 मध्ये जी व्यवस्था सुरू केली, तिचा पाया हाच आहे. सामन्याच्या वेळी मैदानावर एक त्रयस्थ प्रमाणक हजर असतो (हे काम बहुधा निवृत्त किंवा सेवेतले पोलीस अधिकारी करतात). चेंडू खेळातून बाहेर आला किंवा खेळाडूने त्याच्यासमोर सही केली की तो त्या वस्तूला क्रमांक असलेला होलोग्राम लावतो आणि तिची नोंद करतो. जे त्याच्या डोळ्यांसमोर घडले नाही, त्याला होलोग्राम मिळत नाही, मग मागणारा स्वतः खेळाडू का असेना. एखाद्या पंचनाम्यासारखी ही रुक्ष पद्धत आहे आणि तिचे बळ त्या रुक्षपणातच आहे. अर्थात, ती 2001 च्या पुढच्या वस्तूंनाच उपयोगी; त्याआधीच्या शतकभराच्या संग्रहाला असा साक्षीदार मिळणे नाही.

तेव्हा जुन्या वस्तूंसाठी डोळे उघडे ठेवून पाहण्याला पर्याय नाही, आणि माझ्या मते या छंदातला सर्वांत रंजक भागही हाच आहे. माणूस स्वतःची सही विचार न करता, वेगात करतो. त्यामुळे रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळते होतात, दाब कमीअधिक होत जातो आणि वळणे ओघवती येतात. दुसऱ्याची सही गिरवणारा जपून, थांबत थांबत लिहितो. भिंगाखाली पाहिले तर त्याची रेघ किंचित थरथरलेली दिसते, नको तिथे लेखणी उचललेली आढळते, आणि टोके बोथट असतात. आकार जितका हुबेहूब, तितकाच कधी कधी संशय अधिक, कारण कोणाच्याही दोन खऱ्या सह्या एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. त्या तशा बसल्या तर त्यांच्यामागे यंत्र किंवा रबरी शिक्का असण्याचा संभव मोठा.

साधने तर माणसांपेक्षा प्रामाणिक असतात. बॉलपेन बाजारात सर्वदूर पोहोचले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेत त्याची विक्री ऑक्टोबर 1945 मध्ये सुरू झाली. क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस 1915 मध्ये, रणजितसिंहजी 1933 मध्ये आणि बेसबॉलपटू लू गेहरिग 1941 मध्ये निवर्तले, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यांपैकी कोणाचीही बॉलपेनने केलेली सही परत करायला तज्ज्ञाची गरज लागणार नाही. शार्पी हा मार्कर 1964 मध्ये आला आणि बेसबॉलपटू टाय कॉब 1961 मध्ये वारले, हाही तसाच सोपा हिशेब. जुन्या अधिकृत बेसबॉलवर त्या त्या वेळच्या लीग-अध्यक्षांचे नाव छापलेले असे. सही करणाऱ्याच्या मृत्यूनंतर पदावर आलेल्या अध्यक्षांचे नाव चेंडूवर असेल, तर तपासणी तिथेच संपते. कागदाला शुभ्रता आणणारी रसायने विसाव्या शतकाच्या मध्यापासून सर्रास वापरात आली आणि असा कागद अतिनील दिव्याखाली निळसर चमकतो, त्यामुळे 1920 च्या दशकातला म्हणून पुढे केलेला कागद तसा चमकू लागला तर विक्रेत्याला त्याचे कारण अवश्य विचारावे. चलाख बनावटकार यावरही तोड काढतात आणि जुन्या पुस्तकांची कोरी पाने फाडून वापरतात. पण जुन्या, कस गेलेल्या कागदावर नवी शाई टेकताच फुटते आणि अक्षराच्या कडा पसरतात. सही घडीवरून जात असेल, तर शाई घडीच्या भेगेत उतरली आहे की घडीबरोबर तडकली आहे, एवढे पाहिले तरी आधी काय झाले ते समजते.

फसवणुकीच्या हेतूने केलेली नसली तरी खेळाडूची नसलेली, अशीही सह्यांची एक मोठी जात आहे. चाहत्यांच्या पत्रांचा ढीग उपसायला अनेकांनी सचिव ठेवले, कोणी सही करणारे ऑटोपेन यंत्र वापरले, आणि संघाच्या खोलीतल्या मदतनिसांनी सगळ्या संघाच्या सह्या एकहाती उरकून दिल्याचेही प्रकार झाले. छापील सह्यांच्या छोट्या बॅटी तर आठवण म्हणूनच विकल्या जात. त्या विकणाऱ्याने तेव्हा काही लपवले नव्हते. लबाडी सुरू होते ती दोन पिढ्यांनंतर, कोणीतरी ती बॅट ‘अस्सल सह्यांची’ म्हणून पुन्हा विकायला काढतो तेव्हा.

वस्तू जितकी मौल्यवान, तितका तिच्या प्रवासाचा पुरावा महत्त्वाचा, हे अर्जेंटिनाचे फुटबॉलपटू मॅराडोना यांच्या जर्सीने अलीकडे दाखवले. 22 जून 1986 च्या इंग्लंडविरुद्धच्या विश्वचषक सामन्यानंतर इंग्लंडचे खेळाडू स्टीव्ह हॉज यांनी त्यांच्याशी जर्सीची अदलाबदल केली होती आणि पुढे ती बरीच वर्षे इंग्लंडमधल्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात होती. 2022 मध्ये ती लिलावाला निघाली तेव्हा मॅराडोना यांच्या कन्येने हरकत घेतली, की ही पहिल्या अर्धातली जर्सी आहे, गोल केले तेव्हाची नव्हे. वाद सही किंवा प्रमाणपत्रावर मिटणारा नव्हता. जर्सीवरचे चिन्ह, पट्टे आणि आकडे यांतले बारीकसारीक तपशील सामन्याच्या छायाचित्रांशी ताडून लिलाव संस्थेने आपले म्हणणे मांडले. त्या जर्सी सामन्याच्या जेमतेम काही दिवस आधी मेक्सिको सिटीत विकत आणून त्यांवर घाईने चिन्हे आणि आकडे लावले होते. हातघाईच्या कामात एक जर्सी दुसरीसारखी होत नाही आणि जुळवणीला नेमके तेच हवे असते. जर्सी 71 लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. बातम्यांमध्ये मथळा त्या रकमेचा होता. खरी वाचनीय गोष्ट टाक्यांची आणि आकड्यांची होती.

किंमत आणि मोल यांची गल्लत झाली की काय होते, ते होनस वॅगनर या जुन्या अमेरिकी बेसबॉलपटूंच्या प्रसिद्ध बेसबॉल कार्डावरून (म्हणजे खेळाडूचे चित्र छापलेल्या छोट्या संग्राह्य कार्डावरून) दिसते. त्याच्या उपलब्ध प्रतींपैकी सर्वांत उत्तम स्थितीतले कार्ड म्हणून जे वर्षानुवर्षे मिरवले गेले, त्याच्या कडा आपणच कापून नीट केल्या होत्या, अशी कबुली बिल मास्ट्रो या लिलावदाराने 2013 मध्ये न्यायालयात दिली. कोपरे धारदार दिसावेत म्हणून एका जुन्या वस्तूला कात्री लावली गेली, आणि त्या कापलेपणालाच बाजाराने सर्वोच्च दर्जा दिला होता!

बाजाराची आणखी एक रीत मला नेहमीच उफराटी वाटत आली आहे. ‘अमुक यांस सस्नेह’ असे लिहून केलेली सही कोऱ्या सहीपेक्षा स्वस्त जाते, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला ते परके नाव नको असते. वास्तविक ते नाव हाच त्या भेटीचा दाखला असतो. त्यावरून ती वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली याचा शोध तरी घेता येतो. डॉन ब्रॅडमन निवृत्तीनंतर अनेक वर्षे चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे देत आणि सह्या करत राहिले. त्यामुळे त्यांची नुसती सही दुर्मीळ नाही आणि फार महागही नाही. पण एखाद्या मुलाने विचारलेल्या फलंदाजीच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर ज्याच्या घरात पाकिटासकट जपलेले असेल, त्याच्याकडे टपालाचा शिक्का, तारीख, पत्ता आणि मजकूर असे चार साक्षीदार आहेत. प्रेक्षकाने पेन्सिलीने षटकागणिक भरलेले धावपत्रक, फाटके तिकीट, पावसाने खेळ थांबल्याची समासात केलेली नोंद, यांना लिलावात कोणी विचारत नाही, आणि म्हणूनच ती बनावट करण्याच्या फंदातही कोणी पडत नाही. खेळाचा इतिहास लिहिणाऱ्याला मात्र शंभर कोऱ्या सह्यांपेक्षा अशा एका धावपत्रकाचा उपयोग अधिक होतो. गुंतवणूक म्हणून सह्या घ्या, असा सल्ला देणाऱ्यांनी हेही सांगायला हवे, की मागणी वाढली की सर्वांत आधी वाढतो तो खोटा माल.

खेळाडूंकडूनही एक अपेक्षा आहे. सही देताना शक्य तेव्हा तारीख आणि घेणाऱ्याचे नाव लिहिण्याची सवय त्यांनी लावून घेतली, तर त्यांचा वेळ काही क्षणच अधिक जाईल. गठ्ठ्याने कोऱ्या सह्या गोळा करून विकणाऱ्यांची मात्र पंचाईत होईल.

आपणास विनंती अशी, की यापुढे क्रीडास्मृतींच्या लिलावाची बातमी देताना तीन गोष्टी अवश्य छापाव्यात: ती वस्तू खेळाडूच्या हातून निघाल्यावर कोणाकोणाकडे होती, तिची तपासणी कोणी केली, आणि तपासणाऱ्याचा विक्रीत आर्थिक हितसंबंध आहे का. लिलाव संस्थेने यांपैकी काही सांगायला नकार दिला, तर तो नकारही बातमीत यावा.

आपला विश्वासू,
एक संग्राहक वाचक