तोंडातली एक पेशी आणि तिचं इन्स्पेक्शन

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, "कॅन्सरची एवढीशी गाठ आपोआप वाढते कशी?" असं तू फोनवर विचारलंस. घाईत उत्तर द्यायला नको वाटलं, म्हणून लिहिते. बाबा, उद्यमनगरच्या फाउंड्रीत उभी हयात गेल्यामुळे तुम्हाला हे लगेच कळेल.

कॅन्सर बाहेरून येत नाही आणि ताट-वाटीतून लागतही नाही. ती आपलीच पेशी असते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीला एकाच्या दोन व्हायला साधारण 24 तास लागतात. प्रत्यक्ष दुभंगायला जेमतेम तासभर, बाकी सगळी तयारी. त्यातले सुमारे 8 तास डीएनएची नक्कल उतरवण्यात जातात: 46 गुणसूत्रं, 6 अब्जांच्या आसपास अक्षरं.

एवढ्या कामात चूक होणारच, म्हणून वाटेत तपासणी असते. नक्कल सुरू करण्याआधी पेशी बघते, वाढायचा निरोप आलाय का, डीएनए कुठे तुटलाय का. नक्कल झाल्यावर पुन्हा बघते. शेवटची तपासणी मला सगळ्यात कडक वाटते: प्रत्येक गुणसूत्राला पेशीच्या दोन्ही टोकांकडचे धागे लागलेत का? एक जरी सुटं राहिलं तरी पुढचं काम थांबतं.

पी53 नावाचं प्रथिन इथला इन्स्पेक्टर. डीएनए तुटला की ते विभाजन अडवतं, दुरुस्तीला वेळ देतं. दुरुस्ती जमली नाही तर पेशीला मरायला लावतं. बाबा, ब्लो होल, म्हणजे आत हवेची पोकळी निघालेलं कास्टिंग डिस्पॅचला न जाता परत भट्टीत जातं ना, तसंच. सुमारे निम्म्या कॅन्सरमध्ये हाच इन्स्पेक्टर बिघडलेला सापडतो.

पण एका चुकीनं कॅन्सर होत नाही. थांबवणाऱ्या जनुकांच्या दोन प्रती असतात, आईकडून एक, वडिलांकडून एक. बहुतेक वेळा दोन्ही जाव्या लागतात. वाढ ढकलणाऱ्या जनुकाची मात्र एक प्रत अडकून 'चालू' राहिली तरी पुरते. अशा चुका एकाच पेशीच्या वंशात साचायला बरीच वर्षं लागतात, म्हणून हा आजार जास्त करून उतारवयात दिसतो.

आई, आता मशेरीचं. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स नावाची रसायनं डीएनएच्या अक्षरांना चिकटतात, आणि नक्कल करताना तिथे चुकीचं अक्षर बसतं. गालाच्या आतलं अस्तर दोन-तीन आठवड्यांत नवं होतं, म्हणजे तिथे नक्कल सतत चालू. बाबा, तुमच्या चिमटीतला चुना तीच जागा पोळवतो, मग ती भरून काढायला पेशी आणखी विभागतात. चिमूट रोज एकाच कोपऱ्यात धरता, त्यामुळे चुकाही तिथेच साचतात. दोघांनीही हे सोडावं, असं मला मनापासून वाटतं.

रविवारी सकाळी उजेडात आरशासमोर उभे राहा. चूळ भरा, बोटानं गाल बाजूला ओढा. ओठांच्या आत, हिरड्या, जिभेच्या कडा आणि जिभेखाली बघा. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन आठवड्यांत न भरलेली जखम? आपलीच तीन बोटं उभी दातांमध्ये जातात का, तेही बघा. यातलं काही खटकलं तर मलम लावत बसू नका, सीपीआर हॉस्पिटलला दाखवा. डॉक्टरांना वाटलं तर छोटा तुकडा काढून तपासतील. तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरतो असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

रविवारी रात्री फोन करते. काय दिसलं ते दोघांचं वेगवेगळं सांगा.

तुमची,
लेक